बियाचं झाड

आक्काचा उजवा अंगठा डाव्यापेक्षा चांगला रुंद होता. नव्या माणसाला वाटे, जन्मतःच तसा असेल. जन्मतः कसला! साठ वर्षं तो एकच काम करत आला होता. कागदी तुतीच्या कोवळ्या फांदीला बाजूने डोळा, म्हणजे नवा कोंब, फुटलेला दिसला की तो दाबायचा, चोळायचा आणि टाकून द्यायचा. फांदीला फांदी फुटली की तिथे सालीला भोक पडतं, आणि भोकाच्या सालीचा कागद म्हणजे पुढचे दात पडलेल्या माणसाचं हसू. आक्का बोलता बोलता, चालता चालता, कुणाशी भांडता भांडताही डोळे चोळत जायची. हाताला सांगावं लागत नसे.

अंगणात चार ओळींत छत्तीस झाडं होती आणि कोपऱ्यात एक म्हातारं. ते म्हातारं झाड आजोबांच्या हातचं. बाकीची छत्तीस त्याच्याच मुळांवरचे फुटवे काढून लावलेली. पानगळ झाली की वर्षभराच्या सरळ फांद्या बुंध्यापासून कापायच्या, मोठ्या तांब्याच्या हंड्यावर वाफवायच्या आणि साल ओढून काढायची. गरम असतानाच ओढायची, नाहीतर ती रुसते. वरचं काळं खरवडायचं, आतलं पांढरं राखेच्या पाण्यात शिजवायचं, दगडावर मोगरीने कुटून लगदा करायचा, आणि मग चौकटीवर उचलून फळ्यांवर वाळत घालायचं. आजीच्या वेळी तर हीच साल ओली कुटून कुटून तिचं पांघरूण करत. दोर वळत. पानं शेळ्या खात. अण्णा, म्हणजे आक्काचे वडील, म्हणायचे, "हे झाड माणसाला पांघरायला देतं, बांधायला देतं, लिहायला देतं. फक्त खायला शेळीला देतं."

कारण फळ या अंगणात कुणी पाहिलंच नव्हतं. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी, आणि आजोबांचं झाड नर होतं. त्याच्या मुळांतून निघालेलं सगळं गोत्रही नरच. छत्तीस पोरांना वर्षातून एकदा कापत असल्यामुळे ती फुलतही नसत. म्हातारं मात्र कुणी कापत नसे. त्याला लांब तुरे यायचे आणि सकाळच्या उन्हात त्यांतून फट्कन पिवळा धूर उडायचा. लहानपणी धाकटी त्याच्याखाली तासन्‌तास उभी राहायची. "आक्का, झाड विडी ओढतंय!"

धाकटी म्हणजे आक्काची बहीण, तिच्याहून सात वर्षांनी लहान. शाळेच्या शेवटच्या सहलीहून ती परत आली ती रुमालाला केशरी डाग पाडूनच. कुठल्याशा सरकारी बागेत तिला कागदी तुतीचं मादी झाड दिसलं होतं. गोट्यांएवढी, केसाळ, केशरी फळं. तिने पोटभर खाल्ली आणि उरलेली रुमालात बांधून आणली.

"हे पेरणार मी," ती म्हणाली.

अण्णा हसले. "बियाचं झाड आणि परक्याचं पोर, काय निघेल सांगता येत नाही. आपण फुटवेच लावावेत. जसा बाप तसं पोर, जशी साल तसा कागद."

"म्हणूनच पेरायचं. तोच तोच कागद बघून कंटाळा नाही का येत तुम्हाला?"

तिने पेरलं. कसं पेरलं ते कुणी बघितलं नाही, कारण कुणाला बघावंसं वाटलं नाही. माजघराच्या खिडकीत एक पसरट परात होती आणि धाकटी तिच्याशी गप्पा मारायची एवढंच आक्काला आठवत होतं. एक रोप जगलं. वाळवायच्या फळ्या टेकवलेल्या असत त्या भिंतीशेजारी लागलं आणि सहाव्या वर्षी फळाला आलं. मादी निघालं!

तोवर अण्णा गेले होते आणि कारखाना आक्काच्या हातात आला होता. कारखाना हा शब्द मोठा. कामाला दोघी बहिणी आणि कुटायला दोन बाया. पण गिऱ्हाईक पक्कं होतं. गावातल्या नाटक मंडळीचा प्रॉम्प्टर दर नव्या नाटकाला शंभर ताव न्यायचा. विंगेत उभं राहून नटाला विसरलेलं वाक्य पुरवायचं हा त्याचा धंदा, आणि त्याला कागद असा हवा की पान उलटताना पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागू नये. गिरणीचा कागद करकरतो, तुतीचा कागद गप्प राहतो. सगळे त्याला कुजबुजे म्हणायचे. आयुष्यभर कुजबुजून त्याचा आवाजच तसा झाला होता. हॉटेलात चहा मागितला तरी पोऱ्याला वाटे, काहीतरी गुपित सांगतोय.

त्या वर्षी धाकटीने आपल्या झाडाच्या चार फांद्या कापून वेगळे पाच ताव केले होते. कुजबुज्याने एक ताव बोटांत धरला, कानाशी नेला आणि हळूच दुमडला. मग आक्काकडच्या गठ्ठ्यातला एक घेऊन तसंच केलं. पुन्हा धाकटीचा घेतला.

"आक्का," तो म्हणाला, "तुमचा कागद गप्प बसतो. हिचा तर ऐकतो."

झालं! एवढंच वाक्य. बोलणारा बोलून गेला, आणि जिला लागायचं तिला लागलं.

पुढे पंधरा दिवसांनी फळं पिकली. पाखरं आली. खाल्लं, सांडलं, आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवरच्या ओल्या तावांवर केशरी रांगोळी झाली. धाकटी बाजारात गेली होती. ती परत आली तेव्हा झाड आडवं पडलं होतं आणि आक्का कुऱ्हाड पुसत होती.

"शंभरच्या शंभर ताव गेले," आक्का म्हणाली. "मंडळीला काय देऊ आता? तुझी फळं?"

धाकटीने पिशवी खाली ठेवली. झाडाभोवती एक फेरी मारली. "कुऱ्हाडीला धार चांगली लागलीय," एवढंच म्हणाली. मग पदर खोचला, हंडा पेटवला आणि संध्याकाळपर्यंत त्या झाडाची फांदी न् फांदी सोलली. कागदवाल्याची मुलगी, साल वाया कशी जाऊ देईल? त्या सालीचे सगळे ताव तिने कुजबुज्याला दिले. सहा महिन्यांनी त्याच्याशी लग्न केलं आणि बसने दीड तासाच्या गावी राहायला गेली. सणसमारंभाला भेटी होत, बाळंतपणं झाली, आजारपणं झाली, पत्रं झाली, पुढे फोन झाले. पण त्या अंगणात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आक्काने कधी "ये" म्हटलं नाही असं नाही. "बघू," म्हणायची धाकटी. चाळीस वर्षं बघतच होती.

आणि एका वर्षी पहिल्या ओळीतलं कडेचं झाड पिवळं पडलं.

आक्काने मुळाशी उकरलं तर मुळं काळी, बोटाने दाबली तर शेवयांसारखी तुटणारी. महिन्याभरात शेजारचं गेलं. मग ओळच्या ओळ. सरकारी बागेतून झाडांच्या डॉक्टरीणबाई आल्या; चष्मा डोक्यावर, बूट चिखलात. त्यांनी दहा झाडांची मुळं बघितली आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आजी, ही छत्तीस झाडं नाहीत. हे एकच झाड आहे. छत्तीस अंगांचं. एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसणार नाही."

"मग औषध द्या."

"औषध नाही. बियाची रोपं करा. बियाचं प्रत्येक रोप निराळं निघतं. दहातली सहा मरतील, चार तरतील. आणि जागा बदला. भिंतीकडची माती अजून चांगली आहे."

भिंतीकडची. धाकटीच्या झाडाची.

बाईंनी पाकिटातून कागदाची पुडी काढली. चिमूटभर बी, खसखशीहून थोडं मोठं. "आमच्या बागेतलं मादी झाड गेल्या महिन्यात रस्त्यात गेलं. रुंदीकरण. त्याचं हे शेवटचं बी. सांभाळून. पेरताना असं करायचं बघा..."

"अहो बाई, तीन पिढ्या या झाडावर जेवलोय. मला शिकवता?" आक्का म्हणाली आणि पुडी पदरात बांधली.

चुकलं ते इथे. फुटवा लावायचा तर हात खोल घालावा लागतो, माती घट्ट दाबावी लागते, वरून घागर ओतावी लागते. आक्काच्या हातांना तेच ठाऊक. तिने अर्धं बी दोन पेरं खोल पुरलं, माती थापटली आणि रोज तांब्याने पाणी घातलं. तीन आठवडे झाले. सहा झाले. परातीत शेवाळ आलं, एक गवताची काडी आली. तुतीचं काही आलं नाही. तोवर अंगणातली शेवटची ओळ वाळली होती, आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने त्या वर्षी धूर सोडला नाही.

आक्काने बाईंना फोन केला. बाईंनी आधी परातीचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मी रोगांची डॉक्टर हो, बाळंतपणाची नाही. पुस्तकात वाचलंय तेवढं सांगू शकते. पण उरलेलं बी शेवटचं आहे. ज्याने स्वतःच्या हाताने उगवून आणलंय असं माणूस शोधा. तुमच्या घरात कुणी नव्हतं का?"

आक्काने फोन ठेवला. ट्रंक उघडली. तळाशी कापडात गुंडाळलेले जुने ताव होते, ते काढले, पिशवीत घातले आणि सकाळच्या बसमध्ये बसली.

धाकटीने दार उघडलं. चौसष्ट वर्षांची, पण वेणी अजून तशीच घट्ट. "आक्का! आज सूर्य कुठे उगवला? न कळवता?"

"कळवलं असतं तर 'बघू' म्हणाली असतीस."

"आत तरी ये. अहो, ऐकलंत का? आक्का आलीय!"

आतून काहीतरी कुजबुज आली. "बघ," धाकटी म्हणाली, "हे आनंदाने ओरडतायत."

चहा झाला. गुडघे झाले, मोतीबिंदू झाले, कुणाची मुलगी कुठे दिली ते झालं. कुजबुजे खिडकीशी खुर्चीत बसून ऐकत होता. आक्काने झाडं मेल्याचं सांगितलं, बी सांगितलं, बाई सांगितल्या. धाकटीने कप खाली ठेवला.

"कुठल्या बागेतलं बी?"

"तीच. तुझ्या सहलीची."

"म्हणजे माझ्या झाडाच्या आईचं."

"हो. अर्धं मी घालवलं. उरलेलं तू पेरून दे. तुझ्याशिवाय कुणाला येत नाही."

"येत होतं तेव्हा कुणी विचारलं नाही."

आक्काने पिशवीतून ताव काढून मांडीवर ठेवले. डाग आता केशरी नव्हते, तपकिरी झाले होते. एकात चिकटलेल्या बिया होत्या, जुन्या, पोकळ.

"मी म्हटलं होतं, शंभर गेले," आक्का म्हणाली. "शंभर नव्हते गेले. सात गेले. त्र्याण्णव मी आत नेऊन ठेवले आणि नंतर दुसऱ्यांना विकले. झाड मी तावांसाठी तोडलं नाही. तुझा कागद माझ्यापेक्षा बरा झाला म्हणून तोडलं."

तिला वाटलं होतं, आता धाकटी रडेल किंवा उठून जाईल. धाकटीने फक्त साडीची निरी सारखी केली.

"ठाऊक आहे. फळ्यांवर डाग सातांचे होते. मला मोजता येत नाही का?"

"मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

"यांनाही ठाऊक होतं?" आक्काने कुजबुज्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही तरी कान फुंकायचा! धंदा काय तुमचा?"

कुजबुज्याने मान हलवली. "आक्का, आमच्यात एक नेम असतो. नट स्वतः विंगेकडे बघत नाही तोवर वाक्य द्यायचं नाही. कधी कधी तो विसरलेला नसतो, नुसता थांबलेला असतो. तुम्ही आज बघितलंत."

धाकटी जराशी हसली. तेवढ्या हसण्यावर आक्काने आटोपतं घेतलं असतं तर बी पेरायला धाकटी त्याच बसने आली असती. कुणाला कळणार होतं? पण माणूस एकदा खरं बोलायला लागलं की त्याला मधे उतरता येत नाही.

"अजून एक आहे," आक्का म्हणाली. "ते झाड मेलं नव्हतं. बुंध्याला पुढच्या वर्षी कोंब आले. आठ-दहा, लालसर, जोरकस. मी खुडले. पुन्हा आले. तीन वर्षं येत होते. तीन वर्षं मी खुडत होते. चौथ्या वर्षी आले नाहीत."

हे धाकटीला ठाऊक नव्हतं.

ती उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला, मग दुसऱ्याचा, मग कसलाच नाही. कुजबुजे उठला आणि कपाटातून एक जाड वही घेऊन आला. नाटकाची, जुनी, सुताने शिवलेली. त्याने ती आक्कासमोर धरून पानामागून पान उलटलं. आक्का कान देऊन बसली होती, तरी तिला काही ऐकू आलं नाही.

"त्याच झाडाची," तो म्हणाला. "मंडळी बंद पडली. नट गेले. ही आहे."

बऱ्याच वेळाने धाकटी बाहेर आली. डोळे कोरडे, हात ओले.

"फळ्या," ती दारातच उभी राहून म्हणाली. "समोरच्या भिंतीलाही ऊन येतं. सकाळचं नाही, दुपारचं. दहा पावलं आहेत, मी मोजली होती. बाजारातून येताना हेच तुला सांगायचं ठरवलं होतं मी. की आक्का, आपण फळ्या सरकवू."

आक्काने मान खाली घातली. अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला.

"मी येणार नाही," धाकटी म्हणाली. "सांगते ते लिहून घे. तोंडपाठ करशील आणि तुझंच घुसडशील."

आक्काने डागाच्या एका तावाच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. बी रात्रभर पाण्यात भिजवायचं. तळाला बसेल ते ठेवायचं, तरंगेल ते सोडायचं. माती चाळून घ्यायची, तिच्यात निम्मी वाळू. बी पुरायचं नाही.

"पुरायचंच नाही?"

"नाही! त्याला उजेड लागतो. मुठीत बारीक वाळूशी मिसळायचं आणि भाकरीवर तीळ टाकावेत तसं वरच्यावर टाकायचं. तळव्याने नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. तुला जमेल का? मग वरून चाळणीने चिमूटभर माती, म्हणजे नुसती धूळ. पाणी वरून नाही. परात दुसऱ्या पाण्याच्या परातीत ठेव, माती खालून पिऊन घेते. आणि वर ओला कागद झाक, उजेड आत येईल असा पातळ. कोंब दिसले की काढ." ती थांबली. "यातलाच एक झाक. बाकीचे सहा इथे ठेवून जा. माझे आहेत."

आक्का परत आली आणि शब्दाला शब्द तसंच केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुसऱ्याच्या अकलेने काम केलं आणि मधे तोंड घातलं नाही. सतराव्या दिवशी डागाच्या तावाखाली हिरवं काहीतरी टोचलेलं दिसलं. ताव उचलला. अकरा कोंब होते. नखाएवढेही नव्हते.

महिन्याभरात पानं मोठी झाली तशी आक्का चकित होत गेली. एकाचं पान गोल, एकाचं तीन बोटांचं, एकाची कड खरखरीत, एक नुसतं केसाळ बाळसेदार. साठ वर्षं तिने एकच पान छत्तीस वेळा पाहिलं होतं. तिने धाकटीला फोन केला.

"अकरा आली! एकासारखं एक नाही."

"हं," पलीकडून आलं.

"बघायला येतेस?"

"नर किती, मादी किती?"

"ते आत्ताच कसं कळेल? फुलाला यायला पाच-सहा वर्षं तरी."

"मग फळ धरलं की येईन," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. आक्काने मनात हिशेब केला. स्वतःची एकाहत्तर आणि वर सहा. धाकटीनेही केला असणार. दोघींनी तो एकमेकींना सांगितला नाही.

पुढल्या आठवड्यात कुजबुजे एकटाच येऊन रोपं पाहून गेला. जाताना फाटकाशी म्हणाला, "आक्का, तिने विचारलंय, हात आवरता येतोय का?"

"सांगा, येतोय," आक्का म्हणाली.

येत नव्हता. एका रोपाला बाजूने इवलासा डोळा फुटला होता आणि परवा सकाळी अंगठा त्याच्यावर जाऊन टेकलाही होता. तेव्हापासून आक्का रोपांपाशी जाताना दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत अडकवून जायची, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

रोपं भिंतीकडच्या मातीत लावायचा दिवस आला. त्याआधी एक काम होतं. भिंतीशी फळ्या उभ्या होत्या, बारा, पुरुषभर उंच, गेलं वर्षभर कोरड्या. वाळवायला कागद नव्हता, कागदाला साल नव्हती, आणि या अकरांची साल हाती येईल तेव्हा आक्का असेल-नसेल. तरी तिने पहिली फळी कडेला धरली आणि ओढायला लागली. समोरच्या भिंतीकडे. एक पाऊल. दम. दुसरं पाऊल.

अंगण मोठं होतं, पण पावलं तिने मोजली. दहाच होती. बारा फळ्या सरकवायला तिला संध्याकाळ झाली. शेवटची टेकवली तेव्हा समोरच्या भिंतीवर ऊन होतं. चांगलं ऊन होतं. कागदाला पुरलं असतं.